वॉलमनची रिकामी जागा

कुठल्या खात्यात किती माणसं असावीत याची मंजूर यादी प्रत्येक नगरपरिषदेत असते. तिला आकृतिबंध म्हणतात. आमच्या खारबंदर नगरपरिषदेच्या आकृतिबंधात ‘वॉलमन – १ पद’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे बारा वर्षं मी माझ्या हाताने ‘रिक्त’ असं लिहीत आलो. त्या बारा वर्षांत लवू मेतरने गावाला पाणी सोडलं नाही अशी एक सकाळ मला आठवत नाही.

मी आस्थापना शाखेतला कारकून. कट्टा या माझ्या गावाहून रोज सकाळच्या एसटीने यायचो, संध्याकाळच्या गाडीने परत जायचो. लवूची आणि माझी ओळख १९९८च्या एप्रिलमधली. जुना वॉलमन महादू निवृत्त होत होता आणि आपल्या जागी त्याने समुद्राकाठच्या वाडीतला एक अठ्ठावीस वर्षांचा गडी आणून उभा केला. उंच, काळासावळा, दर्यावर राबून खांदे रुंद झालेला. रापणीतला, म्हणजे वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातला, आपला वाटा सोडून तो आला होता. बायकोचा, सत्यवतीचा, भाऊ दोन वर्षांपूर्वी होडी उलटून गेला होता. लग्नानंतर तिने त्याला एकच सांगितलं होतं, “दर्यार गेलेल्या माणसाची वाट बघूक माका आता जमाचा नाय.”

“परमनंट होतलो मा तो?” महादूने मला विचारलं.

“होईल की. पद रिकामं आहे, आज ना उद्या भरावंच लागेल,” मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

महादूने पंधरा दिवस त्याला आपल्याबरोबर फिरवलं. गावात पाणी सोडायचे-अडवायचे एक्केचाळीस वॉल. काही गटाराच्या कडेला, काही लोकांच्या परसात, दोन तर रस्त्याच्या डांबराखाली गेलेले. नकाशा कधी कोणी केलाच नव्हता. कुठला वॉल किती फेरे फिरवायचा, कुठला अर्धाच उघडायचा, बंदराकडच्या उतारावर पाणी आधी सोडलं तर वरच्या आळीला थेंब मिळत नाही, हे सगळं लवूने पाठ केलं. पहाटे साडेचारला तो लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून निघायचा. रोजी पंचेचाळीस रुपये.

पहिल्या महिन्याच्या शेवटी आमचे हेडक्लार्क रविकांत सामंत यांनी मला मस्टर कसं भरायचं ते शिकवलं.

“परब, महिन्याला एकोणतीस दिवस भरायचे. तिसावा दिवस खंड. आणि वर्षातून आठच महिने लवूचं नाव लावायचं. आठ महिन्यांचे होतात दोनशे बत्तीस दिवस. दोनशे चाळीस भरले की माणूस कायम होण्याचा हक्क सांगतो.”

“आणि उरलेले चार महिने?”

“त्याचा एखादा भाऊबिऊ असेल ना?”

लवूचा चुलतभाऊ होता, प्रितेश. गोव्यात ट्रॉलरवर असायचा. ऑगस्टपासून मस्टरवर मी प्रितेश मेतर लिहिलं आणि लवूला सही करायला बोलावलं.

तो पेन हातात धरून उभा राहिला. “परबांनू, प्रितेशची सही मी करू?”

“कर. कागदाला काय कळतंय?”

“आणि प्रितेश इलो, पैसे माझे म्हणालो तर?”

ऑफिसात सगळे हसले. लवूही हसला आणि त्याने सही केली. खंडाच्या दिवशी मस्टर कोरं असायचं, पण गावाला तहान लागायचीच. त्या दिवशी तो फुकट पाणी सोडायचा. आम्ही त्याला तसं कधी सांगितलं नाही. सोडू नको, असंही कधी सांगितलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. त्याला मुलगी झाली, संजना. रोजी पंचेचाळीसवरून सत्तरवर आली. दर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा व्हायची, दर वर्षी रिक्त पदं भरण्याचा विषय निघायचा आणि दर वर्षी वरून तेच उत्तर यायचं. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम पगारावर खर्च करता येत नाही. तुमचा टक्का आधीच वर आहे, उत्पन्न वाढवा. उत्पन्न वाढवायचं कसं? वसुली करून. वसुली करायची कोणी? कर निरीक्षकाची जागा रिकामी, वसुली कारकुनाच्या दोन जागा रिकाम्या.

२००४ मध्ये सभेने पाणीपट्टी वाढवली. वर्षाला तीनशे साठ होती ती आठशे चाळीस केली. पंपाचं वीजबिल थकलं होतं, दुसरा इलाज नव्हता. ठरावाला सगळ्या नगरसेवकांनी हात वर केले आणि आपापल्या आळीत जाऊन सांगितलं, “आम्ही विरोधच केला होता, तुम्ही भरू नका.” लोकांनी भरली नाही. मे महिन्यात दिवसाआड अर्धा तास येणाऱ्या पाण्याला आठशे चाळीस कोण देतो? दोन वर्षांत थकबाकी एवढी साचली की आमच्या सगळ्यांच्या पगाराला महिन्याची दहा तारीख उजाडायला लागली.

२००६च्या पावसाळ्यानंतर नवे मुख्याधिकारी आले. घाटावरचे, तरुण, फायली स्वतः वाचणारे. त्यांनी एक दिवस लवूला केबिनमध्ये बोलावलं. मीही मस्टर घेऊन उभा होतो.

“गावातला प्रत्येक नळ तुला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “मला वसुलीला माणूस नाही. तू जा. नोटीस दे, पैसे नाही भरले तर नळ तोड. मार्चअखेर नव्वद टक्के वसुली करून दे. उत्पन्न वाढलं की पगाराचा टक्का खाली येतो. मग मला पद भरायची परवानगी मागता येते. पहिलं नाव तुझं पाठवतो.”

लवूने माझ्याकडे बघितलं. “परबांनू, ह्या खरा?”

मी मनात आकडेमोड केली. हिशेबाने ते बरोबर होतं. “खरं आहे,” मी म्हणालो.

यादी सहाशे बारा नावांची होती. पहाटे पाणी सोडून झालं की नऊ वाजता लवू यादी घेऊन निघायचा. आधी तो समजावून सांगायचा. दोन हप्त्यांत भरा, तीन हप्त्यांत भरा. लोक त्याला चहा द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणायचे. जानेवारीत त्याने पहिला नळ तोडला आणि दुसऱ्या दिवशी भरणा खिडकीवर रांग लागली. एका नगरसेवकाच्या मेव्हण्याचं लॉज होतं, एकतीस हजार थकलेले. लवू पाना घेऊन तिथे पोचला तेव्हा ऑफिसातून माणूस धावत गेला. ते प्रकरण वेगळं आहे, तिथे हात लावू नको. लवू परत आला. मग यादीत राहिली ती बहुतेक लहानच माणसं. सगळ्यात मोठी थकबाकी त्याच्याच वाडीत होती.

त्या वाडीत हौसाबाई होती. मासळी बाजारात बसणारी, साठीची, नवरा कधीचा गेलेला. लवू नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाप दर्यावर असायचा. त्या दिवसांत दोन वर्षं लवू जेवला तो हौसाबाईच्या चुलीपाशी. नातं काही नव्हतं, तो तिला मावशी म्हणायचा. तिच्याकडे तीन वर्षांचे दोन हजार पाचशे वीस रुपये थकले होते.

फेब्रुवारीत लवू खिडकीवर आला आणि तिच्या नावावर आठशे चाळीस भरून गेला. पावती मीच फाडली. बारा दिवसांची रोजी होती ती. मी यादीवर तिच्या नावापुढे ‘अंशतः’ असा शेरा मारला. साहेबांनी तो बघितला. “अंशतः चालणार नाही. एकाला सवलत दिली की सहाशे मागतील. पूर्ण भरा, नाहीतर तोडा.”

वीस मार्चला लवू तिच्या दारात गेला. हा प्रसंग मला त्याने सांगितलेला नाही. बरोबर पंचनाम्याच्या सहीला मी होतो.

हौसाबाई बाजाराला निघायच्या तयारीत होती. टोपलीत बांगडे लावून वर ओला गोणपाट घालत होती.

“मावशे, आज सोळाशे ऐंशी भर,” लवू म्हणाला. “नायतर माका पानो लावचो लागतलो.”

“लाव.”

“निम्मे तरी दी. बाकीचे मी बघतंय.”

“तू खंयसून बघतलंस? तुझ्या घरात काय पैशाचा झाड आसा?” तिने वर बघितलं नाही. “लाव म्हटलंय मा तुका?”

लवू गुडघ्यावर बसला. पाना नळाच्या कोपराला बसेना. दोनदा निसटला.

“तुझो हात थरथरता कित्याक रे?” हौसाबाई म्हणाली. “तुका पेज वाढताना माझो हात कधी थरथरलो नाय.”

त्याने नळ काढला, पाइपाला टोपण बसवलं. मी पंचनामा पुढे केला. तिने अंगठा उठवला, टोपली डोक्यावर घेतली आणि त्याच्या अंगावरून पुढे जाताना म्हणाली, “जा आता. ह्या पाण्यान तुझी नोकरी शिंप.”

त्या वाडीत त्या आठवड्यात त्याने सत्तावीस नळ तोडले.

वाडीने त्याला शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. रापण किनाऱ्याला लागली की दोरी ओढायला जो हात लावतो त्याला ओंजळभर तरी मासळी मिळते. म्हाताऱ्यांना मिळते, पाहुण्यांनाही मिळते. सत्यवती टोपली घेऊन उभी राहायची. कोणी नाही म्हणायचं नाही, पण वाटे करताना हात तिच्या टोपलीवरून पुढे जायचा. तीन दिवस ती उभी राहिली, चौथ्या दिवसापासून गेली नाही. समुद्रापासून पन्नास पावलांवर राहणारी बाई बाजारात जाऊन परगावच्या गिऱ्हाइकाच्या भावाने मासळी घ्यायला लागली. हौसाबाई देवळाच्या विहिरीचं मचूळ पाणी डोक्यावरून आणायची आणि तिची वाट लवूच्या दारावरून होती. सत्यवतीने एकदा कळशी घ्यायला हात पुढे केला, तर म्हातारीने वाट बदलली.

“किती दिस असा रवाचा?” सत्यवतीने त्याला विचारलं होतं.

“ऑर्डर येवंदे. सगळ्यांका सांगतंय मगे.”

“काय सांगतलंस?”



एकतीस मार्चला वसुली ब्याण्णव टक्क्यांवर गेली. साहेबांनी खरंच शब्द पाळला. लवूचा प्रस्ताव मी तयार केला आणि त्यांनी त्याच दिवशी सही केली. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि जूनमध्ये त्यांची मोठ्या नगरपरिषदेवर बदली झाली.

प्रस्ताव पाच महिन्यांनी परत आला. शाळेचा दाखला जोडलेला नाही. लवू सातवी पास होता, दाखला आणून दिला. पुन्हा परत आला. वयाचा पुरावा हवा. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि मर्यादा अडतीसची. मी तांबड्या शाईने ‘तातडीचे’ लिहून पाठवला. तिसऱ्यांदा आला तो सलग सेवेच्या दाखल्यासाठी.

सामंतांनी तो कागद माझ्यापुढे टाकला. “सलग कुठून आणणार? मस्टरवर वर्षाला चार महिने प्रितेश आहे.”

“पण काम लवूनेच केलंय ना?”

“ते तुला माहीत, मला माहीत. लिहून कोण देणार? खोटं मस्टर भरलं म्हणून तू जाशील आणि तुझ्यामागून मी.”

दाखल्याशिवायच प्रस्ताव पाठवला. ‘अपूर्ण’ म्हणून परत आला आणि नंतर तो माझ्या कपाटात राहिला. लवू दर पंधरा दिवसांनी यायचा. “काय कळला, परबांनू?” मी म्हणायचो, “वर आहे.” तो अडतीसचा झाला, एकोणचाळीसचा झाला. हौसाबाईने मधल्या काळात पैसे साठवून थकबाकी भरली, वर पुन्हा जोडणीचे तीनशे भरले. नळ जोडायला लवूच गेला. ती घरात बसून राहिली, बाहेर आली नाही.

मग नवा वेतन आयोग आला. २०१०च्या सुरुवातीला आम्हा कायम कर्मचाऱ्यांना तो लागू झाला. माझा पगार जवळजवळ दीडपट झाला. मागचा फरक हातात आला तेव्हा मी कट्ट्याच्या घरावर स्लॅब घालायला काढला. वसुलीने खाली आणलेला पगाराचा टक्का एका महिन्यात पहिल्यापेक्षा वर गेला. पद भरण्यापुरती जी जागा लवूने गावाशी वैर घेऊन करून दिली होती, ती आम्ही खाल्ली. मीही खाल्ली.

फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात काटकसर करायची होती. दाखल्यांची फी वाढवली, मासळी बाजारातली रोजची फी दोनवरून पाच केली, पाणीवाटप ठेकेदाराला द्यायचं ठरलं, आणि वर्षानुवर्षं रिक्त असलेली पदं रद्द करायची ठरली. रद्द करायच्या पदांची टिपणी मला लिहायला सांगितली. मी लिहिली. अजून शब्दन् शब्द पाठ आहे: ‘वॉलमन हे पद सन १९९८पासून रिक्त असून त्यामुळे पाणीपुरवठ्यात कोणताही व्यत्यय आलेला नाही. सबब या पदाची आवश्यकता दिसून येत नाही.’

सभेत त्या दिवशी स्वागत कमानीच्या रंगावर तासभर वाद झाला. पदांचा विषय आला आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणेपर्यंत संपला.

दुसऱ्या दिवशी लवू माझ्या टेबलापाशी आला. त्याला बाहेरून कळलं होतं. “काय लिवला हा ता वाचून दाखवा,” म्हणाला. मी वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

“व्यत्यय म्हणजे काय?”

“खंड. अडचण.”

“म्हणजे मी मधी चार दिस पाणी बंद ठेवलेला असता, तर जागा रवली असती?”

सामंत पलीकडून म्हणाले, “तसं नसतं रे ते, लवू.”

“मगे कसा असता?”

सामंतांनी फाइल उघडली. मीही एक फाइल उघडली.

कुडाळच्या एका वकिलाने त्याला सांगितलं की केस होऊ शकते, पण प्रितेशच्या नावाचे महिने लवूनेच भरलेत असं ऑफिसातल्या कोणीतरी सांगायला हवं. पुढच्या रविवारी लवू आणि सत्यवती माझ्या घरी कट्ट्याला आली. नवीन स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलेलं होतं, ते भिंतीवरून ठिबकत होतं. माझ्या बायकोने चहा ठेवला.

सत्यवतीच बोलली. “परबांनू, आमका तुमच्याकडसून पैसे नको, चिठ्ठी नको. कोर्टात येवन फक्त खरा सांगा. खोटा एक अक्षर सांगूक नको.”

“वहिनी, मस्टरवर अक्षर माझं आहे,” मी म्हणालो. “मी खरं सांगितलं तर पहिला मीच सस्पेंड होईन. नऊ वर्षं नोकरी राहिली आहे माझी.”

“आणि ह्येंची बारा झाली ती?”

लवू उठला. “चल गो,” तो तिला म्हणाला. मला म्हणाला, “तुमचा पण घर आसा. खरा आसा ता.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कप रिकामा केला होता. सत्यवतीचा चहा तसाच राहिला.

केस झाली नाही. एक एप्रिलपासून ठेकेदाराची माणसं आली. वॉल कुठे आहेत ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ठेकेदाराने लवूलाच महिना अडीच हजारांवर ठेवून घेतलं. संजना सातवीत होती, नाही म्हणण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. पहाटे साडेचारला तो निघतो. आता त्याला खंडाचा दिवस नाही आणि सुट्टीही नाही.

अडीच हजारांत भागेना, तेव्हा सत्यवती हौसाबाईकडे गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाजारातल्या बायका सांगतात की म्हातारी एवढंच म्हणाली, “तुझ्या घोवान केल्यान ता तुझ्या डोक्यार नाय,” आणि आपल्या पाटाशेजारी तिला हातभर जागा करून दिली. लवूशी हौसाबाई अजून बोलत नाही.

दिवाळीनंतर एकदा संध्याकाळची गाडी पकडण्याआधी मी मासळी बाजारात गेलो. दुसरीकडे बांगडे नव्हते म्हणून सत्यवतीपुढे उभं राहावं लागलं. तेवढ्यात बाजार फीचा माणूस आला, पाच रुपये घेऊन पावती फाडून तिच्या पाटावर टाकून गेला. तिने ती उचलली, वाचली.

“ही दोनाची पाच तुमीच लिवलात मा, परबांनू?”

“ठराव सभेचा होता,” मी म्हणालो.

“होय तर,” ती म्हणाली. “किती देव बांगडे?”

“सहा.”

तिने सहा मोजले, कागदात बांधले. मी पन्नासाची नोट दिली. तिने उरलेले सुटे परत केले, एक रुपया कमी नाही की जास्त नाही, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, “तुका काय व्हया गो?”